फळ्यावरचे अभिनंदन
सोमवारी आमच्या गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या वकिलाची न्यायाधीशपदासाठी शिफारस झाली. बुधवारी त्याच्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या एका वकील स्त्रीने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. गुरुवारी सारी चाळ दारातल्या फळ्यासमोर जमली. जबाबदार सगळेच : चाळीची कार्यकारिणी, शेजारी आणि मीही, कारण सोमवारी फळ्यावर त्याचे अभिनंदन मीच लिहिले होते. ओल्या खडूचा वास आला की ती सकाळ आठवते. “इतकी वर्षं गप्प का होती?” “एकटी केबिनमध्ये गेलीच कशाला?” मी कुतूहलाने ऐकत होतो, प्रश्न सगळे तिला, त्याला एकही नाही. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी सावरत मला म्हणाल्या, “नाना, चौकशीआधीच निकाल लागला की! आणि तोही तुमच्या अक्षरात.” लिहिणाऱ्यानेच पुसायचे, हा आमच्या फळ्याचा नियम, मी फडके भिजवून पुसले. शुक्रवारी अभिनंदन पुन्हा तिथेच होते, दुसऱ्या अक्षरात, सहीविना. आरोपाचा खरेखोटेपणा मला तेव्हा ठाऊक नव्हता, आजही नाही. ते पुन्हा कोणी लिहिले, हे विचारत कार्यकारिणीला धाडलेल्या पत्रांच्या पोचपावत्या मात्र माझ्या कपाटात आहेत. उत्तर एकही नाही. म्हणून जाहीर मागणी करतो : ज्याने ते पुन्हा लिहिले, त्याने त्याच फळ्यावर स्वतःच्या नावानिशी सांगावे, की तिचे म्हणणे ऐकण्याआधी त्याला नेमके काय कळले होते?