स्टेजखालचं झाकण

उद्घाटन म्हटलं की आमच्या टेलिफोन खात्याच्या अंगात यायचं. एरवी हात पुसायला चिंधी मागितली तर स्टोअरवाला आठवडाभर तोंड चुकवायचा. पण पाहुणा येणार म्हटल्यावर रांगोळी, गालिचा, झेंडूचे हार, बॅन्डपथक सगळं एका सकाळीत हजर. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. जळगावात नवीन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू व्हायचं होतं, आणि पाहुणा स्टेजवरून थेट धुळ्याला फोन लावून सगळ्या जिल्ह्याला थक्क करणार होता.

त्या फोनची तार जमिनीखालून यायची होती, आणि जमिनीखाली आम्ही दोघं होतो. मी आणि नाना. दोघंही केबल जॉइंटर. नाना अमळनेरकडचे, निवृत्तीला आलेले, आणि तार जोडण्यात त्यांचा हात इतका बसलेला की बोलता बोलता तारांची पुढची जोडी वळून व्हायची. काम समजायला सोपं. जुन्या एक्स्चेंजवरची लाइन नव्यावर घ्यायची तर आधी नवीन तार जोडायची आणि मगच जुनी तोडायची. उलट केलंत तर सराफ बाजार मुका होतो, आणि मग अख्खा सराफ बाजार तुमच्याशी बोलायला येतो.

जोडणी व्हायची मॅनहोलमध्ये. रस्त्याखालची ती कोंदट खोली. वर लोखंडी झाकण. तिथली हवा आंबते, कुठून तरी गटार पाझरतं, आणि त्या हवेला वास असेलच असं नाही. म्हणून नियम असा की उतरायच्या आधी शेजारचंही झाकण उघडायचं, म्हणजे वारा आरपार जातो. बराच वेळ थांबायचं. उतरणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा आणि वर एकाने तो धरून बसायचं. हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. तक्ता साहेबांच्या केबिनमध्ये, साहेबांच्या पाठीमागे लावला होता, त्यामुळे तो साहेबांना सोडून सगळ्यांना दिसायचा.

त्या सकाळी आम्ही शेजारचं झाकण शोधायला गेलो तर त्यावर स्टेज उभं. गालिचा, सोफा, समई, सगळं बरोब्बर झाकणावर. मंडपवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "इथेच तर जमीन सपाट होती."

मी साहेबांकडे गेलो. साहेब सफारीवर बिल्ला लावत होते. म्हटलं, "साहेब, स्टेज दहा पावलं सरकवा. खाली हवा खेळत नाही."

"आता? पाहुणे अमळनेर सोडून निघालेत!" साहेब म्हणाले. "देवाचं नाव घ्या आणि उतरा. एवढं काय."

देवाचं नाव घ्यायला खात्याने मला पगार दिला नव्हता. मी नाही म्हणालो. मग साहेबांनी माझ्या खांद्यावरून नानांकडे पाहिलं, आणि नानांनी मान डोलावली. मला साहेबांपेक्षा नानांचाच जास्त राग आला.

नानांची स्वतःची तपासणी होती. विडी पेटवायची, एक झुरका मारायचा आणि ती भोकात टाकायची. खाली लाल ठिपका दिसत राहिला की हवा चांगली. खाली पेटणारा गॅस असता तर नाना विडीसकट वर उडाले असते, पण ते बोलायची सोय नव्हती. ही परीक्षा ज्यांच्या बाबतीत चुकली ते तक्रार करायला परत आले नव्हते, त्यामुळे नानांच्या लेखी ती कधीच चुकली नव्हती.

"दिसी राह्यनी ना?" नाना म्हणाले. "बठ्ठं बरोबर शे."

"दोर बांधा."

"दोर कसाले? मी काय म्हैस शे का?"

"म्हैस असता तर बरं होतं. म्हशीला समजावता येतं." मी हत्यारांच्या पिशवीवर बसलो आणि दोर बांधल्याशिवाय उठणार नाही म्हणालो. बिनहत्यारांचे नाना खाली जाऊन करणार काय? शेवटी शिव्या घालत त्यांनी दोर बांधून घेतला, मी दोन गाठी मारल्या, आणि ते शिडीने उतरले.

मी वर बसून हाक मारायचो, "नाना!" खालून "हा" यायचा. मागे बॅन्ड वाजत होता. पाहुणे आले, हार झाले, आणि भाषण सुरू झालं. विज्ञानाची झेप, ग्रामीण भाग, एकविसावं शतक. मी हाक मारली. "हा" आला, पण उशिरा आणि जाडसर. मी म्हटलं, "वर या." उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. दोर ओढला तर नुसतं वजन लागलं.

वरच्या माणसाने खाली उडी मारायची नाही, हा त्या तक्त्यावरचा सगळ्यात अवघड नियम. नाना खाली पडलेले दिसत होते आणि माझे पाय आपोआप शिडीकडे जात होते. उतरलो असतो तर दोघं तिथेच राहिलो असतो, आणि ते खात्याला उद्घाटन संपल्यावर कळलं असतं. मी उतरलो नाही. दोर हाताला गुंडाळून जिवाच्या आकांताने ओरडलो.

बॅन्डवाले धावले. लाल कोट, सोनेरी झालर, गळ्यात ढोल. एकाने ढोल फेकला, दुसऱ्याने क्लॅरनेट काखेत धरलं, आणि आम्ही चौघांनी नानांना वर खेचलं. शिडीच्या पायऱ्यांवर आपटत, खरचटत ते आले. चेहरा निळसर. कडुनिंबाखाली आडवं केलं, सदरा फाडला, पाणी मारलं, टोपीने वारा घातला. मी त्यांच्या नावाने वाट्टेल ते बोलत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बॅन्डवाल्यांनी ते पाहिलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग नानांच्या छातीतून खरखर आली. खोकला आला. डोळे अर्धे उघडले. लाउडस्पीकरवर एकविसावं शतक अजून यायचंच होतं.

"भाषन चालू शे का?" नाना पुटपुटले.

"चालू आहे."

"मंग मी मरेल नही."

एवढ्यात स्टेजवर पाहुण्यांनी रिसीव्हर उचलला. त्या फोनची जोडी नानांच्या हातून अर्धवट सुटली होती; ती तार खाली काळोखात लोंबत होती. फोन मेलेला होता. साहेबांना कडुनिंबाखालचा गोंधळ दिसला होता, ते घामाघूम झाले होते. पण पाहुणे मुरलेले. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, मान डोलावली, मोठ्याने हसले.

"हॅलो, धुळे? वा! आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटो निघाले. नानांनी हात उचलला. तार जोडलेली नाही, हे त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं. मरता मरता वाचलेला माणूस, आणि त्याला लाज वाटत होती ती अर्ध्या राहिलेल्या जॉइंटची.

मी तो हात खाली दाबला. "राहू द्या नाना. त्यांना ऐकू येतंय."

मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात तो हात गार पडला होता. कार्यक्रम संपेपर्यंत मी तो चोळत राहिलो, आणि तो गरम झाल्याशिवाय साहेबांनी दोनदा बोलावूनही जागचा उठलो नाही.