चमच्याकडे झुकलेली मान

कंपनी म्हणजे एका इमारतीचं तळघर, तीन टेबलं आणि एक यांत्रिक हात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना हा हात भरवणार होता. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. इंटर्नशिपला आली तेव्हा वाटलं होतं, आपण प्रोग्रॅम लिहू. पहिल्याच दिवशी कंपनी चालवणाऱ्या सरांनी तिला खुर्चीत बसवून गळ्याशी टॉवेल बांधला. तेव्हापासून सगळे तिला 'पेशंट' म्हणू लागले.

यांत्रिक हात दिवसभर भरवी ते सूप कोमट, पिठूळ. चमच्याला रबराचा वास. नीट धुतलेला तो कधीच नसे. सरांनी तो स्वतःच्या तोंडात एकदाही घातला नव्हता. ती चव तोंडातून जात नसे; दुपारचा डबा ती न उघडताच परत नेई.

डबा भरलेलाच परत आलेला पाहून आई म्हणाली, "तुला इंजिनिअर व्हायला पाठवलंय की बाळसं धरायला?"

"थांब, उद्या पाळण्यातही घालतील."

एक वृद्धाश्रम चालवणाऱ्या बाई हा हात बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं, की सोमवारपासून तिथल्या म्हाताऱ्यांना हाच हात भरवणार. बाईंना दाखवायला चाचण्यांचे व्हिडिओ निवडताना तिला दिसलं, चमचा दर वेळी तोंडाच्या बोटभर अलीकडेच थांबतोय. उरलेलं अंतर तिची मान भरून काढत होती. चोच पुढे करणाऱ्या पिलासारखी, निमूट, रोज. तिला स्वतःच्याच मानेची किळस आली.

सरांना दाखवलं, तर ते हसले. "मग बरंय की. उद्याही तूच बस."

"पण सर, ज्यांना मान हलवता येत नाही त्यांचं काय?"

"ते नंतर बघू, आधी होकार येऊ दे. तुलाही सर्टिफिकेट हवंय ना माझ्या सहीचं?"

दुसऱ्या दिवशी बाई समोर बसल्या. सर बोलत होते, सुपासारख्याच कोमट आवाजात. हात उचलला गेला, चमचा भरून पुढे आला. तिने डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवलं आणि नुसतं तोंड उघडलं. चमचा ओठांसमोर थांबला, कलला. सूप टॉवेलवर सांडून मांडीवर ओघळलं.

"अगं, जरा पुढं ये ना," सर सवयीनं बोलून गेले.

बाईंनी आधी सरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आमच्या माणसांना पुढं येता आलं असतं," त्या म्हणाल्या, "तर मी इथं कशाला आले असते?"

तिने टॉवेल सोडला, सरांच्या टेबलावर ठेवला आणि बॅग उचलली.

घरी येऊन तिने दोनदा दात घासले. मग डबा उघडला.