गुप्त ग्राहकाचं दुसरं ताट

अख्ख्या सिंधुदुर्गात गुप्तपणे कुठलंही काम करायला सर्वांत नालायक माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या भावोजींकडे बोट दाखवीन. उंची सहा फूट, आवाज देवळातल्या घंटेसारखा, आणि कसालपासून सावंतवाडीपर्यंत बदल्या होत होत पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं. त्यामुळे रस्त्यात भेटणारा दर दहावा माणूस यांच्या हातचा मार खाल्लेला. अशा माणसाला निवृत्तीनंतर काम मिळालं ते कसलं? तर गुप्त ग्राहकाचं! महामार्गावर मासळीच्या जेवणाची पाच-सहा हॉटेलं असलेली एक साखळी आहे. तिच्यासाठी पुण्याची एक कंपनी साध्या गिऱ्हाइकासारखी दिसणारी माणसं पाठवते. त्यांनी जेवायचं, कोण कसं वागलं, ताट यायला किती वेळ लागला हे टिपायचं आणि घरी येऊन मोबाइलवर फॉर्म भरायचा. जेवण कंपनीचं, वर थोडं मानधन. आपण कोण हे मात्र कुणाला कळता कामा नये.

आता हे कसं जमावं? पहिल्याच दिवशी हॉटेलात पाऊल टाकलं नि वेटरने हातातला ट्रे खाली ठेवून यांचे पाय धरले. "गुरुजी, तुमी हंय खंय?" भावोजी शुद्ध मराठीत म्हणाले, "मी तो नव्हे." तो बिचारा म्हणाला, "माका सातवीत नापास केलास तां तुमीच मां?" घरी आल्यावर फॉर्ममध्ये प्रश्न होता: कर्मचाऱ्यांनी तुम्हाला ओळखलं का? खोटं लिहायची सवय नाही. यांनी लिहिलं, "होय. वाकून नमस्कार केला. नमस्कार उत्तम, पण त्या नादात पाणी आणायचं विसरला. अर्धा गुण वजा." खिशात सहा इंची पट्टी असायची, सुरमईच्या तुकडीची जाडी मोजायला. सोलकढीचा पेला उजेडासमोर धरून बघत. संडासाची स्वच्छता इतक्या बारकाईने तपासत की बाहेर चार माणसं ताटकळलेली असायची. गाडी माझी, चालवणारा मी. पण हॉटेलात मला वेगळ्या टेबलावर बसवायचे, ओळख दाखवायची नाही असा दम देऊन. एकदा मी विसरून "भावोजी, निघूया?" म्हटलं, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "महाशय, आपली काहीतरी गफलत होतेय." शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीला, आक्काला, हसता हसता ठसका लागला.

आक्का सोबत असायचीच. कंपनीच्या करारात दोन माणसांचं जेवण होतं, कारण एकटा माणूस उगाच नजरेत भरतो. आणि खरं सांगतो, भावोजींचा सगळा जीव त्या दुसऱ्या ताटात होता. आमची आक्का म्हणजे पैसा सोडायला महाकठीण बाई. "पैसे घालून भायर जेवक माझे हात मोडले आसत काय?" हे तिचं चाळीस वर्षांचं ठरलेलं उत्तर. पण कंपनीचं काम म्हटल्यावर तिचा नाइलाज झाला. शेजारणींना सांगायची, "कामाक जातंय गो," आणि ठेवणीतलं लुगडं नेसून गाडीत बसायची. पहिल्या खेपेला जेवण झाल्यावर तिने सवयीने स्वतःचं नि भावोजींचं ताट उचललं आणि थेट मोरी शोधत निघाली. वेटर धावत आला, त्याने ताटं काढून घेतली, तर ही रिकाम्या हातांनी मधेच उभी. आता काय करायचं तेच तिला कळेना.  आक्काला घरी सोडल्यावर भावोजी गाडीपाशी थांबून मला म्हणाले, "चाळीस वर्सांत तिका कोणी ताट वाढलेला मी बघूक नाय रे."

आणि मग कंपनीचा तो मेला निरोप आला. आठवड्याला दोन हॉटेलं होती त्यांची पाच झाली, मासे वर्ज्य असलेला सोमवारसुद्धा धरून. तीस प्रश्नांचे ऐंशी झाले. मानधन अर्ध्यावर आलं. आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, यापुढे एकाच माणसाचं जेवण. मी म्हटलं, भावोजी, सोडा हा धंदा, म्हातारपणी कशाला डोक्याला ताप? त्यांनी चष्मा पुसला, फुलस्केप कागद घेतला आणि वळणदार अक्षरात पत्र लिहायला बसले. "सोमवारी कोकणात एकटाच सुरमई खात बसलेला म्हातारा दहा टेबलांवरून दिसतो, तो गुप्त कसा राहणार?" हे त्यातलं एक वाक्य. कागदाचा फोटो काढून पाठवला. उत्तर नाही. दुसरं पत्र गेलं, तिसरं गेलं. हा माणूस हटेल तर शपथ! वर्गात एखाद्या पोराला त्रैराशिक येईपर्यंत शाळा सुटू द्यायचे नाहीत, त्याच चिकाटीने ते कंपनीच्या मागे हात धुऊन लागले.

शेवटी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. भावोजींनी तो मोठ्या आवाजावर टाकला. मुलगी गोड होती, तिचा दोष नव्हता. "सर, सिस्टीम एकच ताट घेते."

"बाई, सिस्टीमचं लग्न झालंय का?"

ती हसली. मग भावोजी गंभीर झाले. "हे बघा, पाचही हॉटेलं करतो. ऐंशीचे शंभर प्रश्न करा. मानधन एक रुपया देऊ नका. फक्त दुसरं ताट ठेवा."

ती अजिजीने म्हणाली, "सर, तशी सोय नाही हो. शुक्रवारपर्यंत अटी मान्य केल्या नाहीत तर तुमचं नाव निघेल."

"मग शुक्रवारची वाट कशाला बघता? आत्ताच काढा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आक्का दारातून ऐकत होती. "बरा झाला," ती म्हणाली, "माका खंय हौस होती!" आणि आत गेली. पण त्या दिवशी तिने भांडी जरा जोरातच आपटली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

रविवारी सकाळी भावोजींचा फोन, "गाडी काढ." मी गेलो तर स्वारी इस्त्रीचा सदरा घालून पडवीत उभी. आक्का कमरेला पदर खोचून नारळ किसत होती.

"कंपनी सुटली मां? मगे खंय चाललास?"

"जेवक. तू पण चल."

"पैसे कोण देतलो?"

"मी देतलंय."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार चाळीस वर्षांचं उत्तर. आक्काने खोबऱ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग विळी आडवी केली, हात धुतले आणि लुगडं बदलायला गेली.

हॉटेलात मी सवयीने लांबच्या टेबलाकडे वळलो, तर भावोजी सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, थंय खंय जातस? हो माझो मेवणो!" तिघं एका टेबलावर बसलो. दोन जन्माच्या सोबत्यांना एकमेकांसमोर निवांत बसून जेवायला पुण्याच्या कंपनीचं निमित्त लागावं, याचं मला हसूही आलं, वाईटही वाटलं. वीस वर्षं आधी सुचली असती ही गोष्ट, तर? ताटं आली. आक्काने माशांच्या तिखल्याचा पहिला घास घेतला आणि हळूच म्हणाली, "मीठ कमी आसा."

भावोजींचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, तिथेच थांबला आणि ताटावर परत आला.

"ऱ्हवांदे गो," ते म्हणाले, "आज खंय लिवन धाडूचा आसा. तू जेव सावकाश."