शेवटच्या चटईपर्यंत

वडशाच्या स्टेशनात छोटी गाडी लागली तेव्हा बाबांनी माझ्याआधी माझी वळकटी आत चढवली आणि तिच्या शेजारी स्वतः बसले. ते नागपूरपर्यंत सोबत येणार होते आणि परतही मला घेऊनच येणार, असं घरात जवळजवळ ठरलेलं होतं. म्हणून आई स्टेशनवर आली नाही. तिच्या लेखी हे जाणं नव्हतंच.

नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर मुली घेणार होते आणि मला मुलाखतीला बोलावणं आलं होतं. बाबा लाकडाच्या डेपोत कारकून होते. त्यांनी सरळच सांगितलं होतं, "एक डाव जाऊन पाहू. नाई जमलं तं ब्रह्मपुरीवाल्याइले हो म्हनून टाकू." ब्रह्मपुरीच्या एका घराला मी पसंत पडले होते. मुलाचं नाव मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

विचारणं मला येतच नसे. सातवीपर्यंत मी नागपुरात आत्याकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. तिथं गप्प बसणाऱ्या मुलीला चांगली मुलगी म्हणत. पुढे आत्याचं बिऱ्हाड जबलपूरला गेलं आणि मी वडशाच्या हायस्कुलात आले. माझं मराठी पुस्तकी होतं आणि इंग्रजी गरजेपेक्षा चांगलं. दोन्ही मी ओठांच्या आतच ठेवत असे. वर्गातल्या मुली म्हणत, मडमले काही विचारायचं असलं तं कान तिच्या तोंडाशी न्या.

शाळेतल्या सोबत्यांनो, तुमच्यापैकी जे वडशातच राहिलात आणि जे माझ्यासारखे गाडीत बसलात, त्या सगळ्यांना आपल्या हायस्कुलातल्या कमलबाईंचा शनिवारचा तास आठवत असेल. वेळापत्रकात तो नव्हता. शाळा सुटल्यावर बाई मॅट्रिकच्या वर्गाला थांबवून घेत, आणि त्याला नाव नसल्यानं आपण त्याला 'पुढचा तास' म्हणायचो. परीक्षेत जे विचारत नाहीत ते तिथं. मनिऑर्डर कशी करायची, नागभीडला गाडी कशी बदलायची, अर्जात खोटं न लिहिता स्वतःबद्दल चांगलं कसं लिहायचं, घरमालकाला नाही कसं म्हणायचं. एकदा त्यांनी आपल्याला दवाखान्यात नेऊन नर्सबाईंच्या पुढ्यात बसवलं आणि पगारापासून पायदुखीपर्यंत सगळं विचारायला लावलं. कुणाचे वडील येऊन म्हणाले की पोरींना हे कशाला, लग्नच तर व्हायचं आहे, तर बाई शांतपणे सांगत की लग्न होईल, फक्त तो विषय माझ्या तासाला नाही.

मी मॅट्रिकला होते त्या थंडीत नेहमीसारखी नाटकं आली. धान घरात आलं की आपल्याकडे बैलांच्या रेंग्या जोडून खेड्याखेड्यांतून माणसं येतात आणि रात्रभर चटयांवर बसून खेळ पाहतात. दिवसा मंडप रिकामाच असे. बाईंनी मालकाला विचारून पुढचा तास तिथं न्यायला सुरुवात केली. एकानं स्टेजवर उभं राहायचं, बाई मुलाखत घेणारे साहेब व्हायच्या आणि बाकी वर्ग पार मागं शेवटच्या चटईवर. तिथं ऐकू आलं नाही तर उत्तर चूक.

माझी पाळी आली. मी नाव सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, तिले म्हना पोस्टानं पाठव." सगळे हसले. मी खाली उतरायला लागले तेव्हा बाई जागच्या न हलता म्हणाल्या, "कुठी चालली? नटाले लोक हसले तं तो पळून जाते का? हसू दे त्याइले. हसून झालं का पुढचं वाक्य म्हन."

हंगाम संपेपर्यंत दर शनिवारी मी त्या स्टेजवर चढले. अखेर एकदा शेवटच्या चटईवरून हात वर झाला. ऐकू आलं होतं.

तेवढ्या बळावर मी नागपूरच्या त्या खोलीत उभी राहिले. सुपरवायझर झगा घातलेल्या, वयस्क, करड्या चेहऱ्याच्या बाई होत्या. त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला रिसीव्हर कानाला लावून बसल्या. कुणीतरी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि एक नंबर इंग्रजीत सांगायला सांगितला. मी लांबची भिंत नजरेनं मापली, छाती भरून घेतली आणि नंबर सांगितला.

मॅडमनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. कोपऱ्यातला कारकून म्हणाला, "येवढ्या आवाजात तार कायले पायजे बाई? मुंबईले खिडकीतूनच सांगा ना." मुलाखतीसाठी ओळीत बसलेल्या मुलीसुद्धा हसल्या.

दरवाजा जवळ होता. मी गेले नाही. त्यांचं हसून होईपर्यंत उभी राहिले, आणि उभ्याउभ्याच लक्षात आलं की इथं शेवटची चटई त्या मॅडमच्या कानातच घातलेली आहे. मग मी तोच नंबर माझ्या स्वतःच्या आवाजात सांगितला, इतकी वर्षं ओठांच्या आत ठेवलेल्या. मॅडमनी रिसीव्हर हळूहळू पुन्हा कानाला लावला. नंतर त्यांनी शाळा विचारली. मी वडशाच्या शाळेचं नाव आधी घेतलं.

कमलबाईंनी तोवर टेलिफोन हातात धरला नसावा. बोलण्याचा त्यांचा धडा तिथं उपयोगी पडला नाही. थांबण्याचा पडला. आजही एक्स्चेंजच्या बोर्डावर तारेतून कुणी साहेब ओरडला की मी त्यांच्यासारखीच जागच्या जागी बसते आणि पुढचं वाक्य म्हणते.

बाबा बाहेर बाकावर होते. पहिल्या तारखेपासून ड्युटी आहे, हे मी सांगितलं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "मंग ब्रह्मपुरीले नाई म्हना लागते," ते म्हणाले, आणि जरा वेळानं, "मी सांगू का तू सांगतं?" बाबांनी मला काही विचारलं, असं ते पहिलंच. तुम्हीच सांगा, असं मी म्हटलं ते इतक्या मोठ्यानं की दारातल्या शिपायानं वळून पाहिलं.

आता नागपुरात, धंतोलीत माझी खोली आहे. रजेत वडशाला गेले की आई पाहुणीसारखा पाट मांडते, आणि मला थोडं वाईट वाटतं, थोडं बरंही. बाई मात्र दर वर्षी मॅट्रिक झालेली एखादी मुलगी माझ्या पत्त्यावर पाठवतात. गेल्या महिन्यात शकुंतला आली. मुलाखतीत तिला आवाज बरा आहे पण इंग्रजी नाही म्हणाले. तिनं ट्रंक भरली. भाऊ न्यायला आला होता, खाली टांगा उभा होता.

मी शकुंतलेला म्हटलं की पुन्हा जागा निघतील, इंग्रजी तेवढं मी देऊ शकते. तिनं ट्रंकेचं कुलूप काढलं. मग जिना उतरून खाली गेले आणि तिच्या भावाला सांगितलं की ती येत नाही.

तो गोंधळला. "पन बाई, घरी विचारतील पोरगी कुठी हाय म्हनून. काय सांगू?"

मी वर माझ्या खिडकीकडे हात केला. "सांगा, घरीच हाय."