गाऱ्हाणं घालणारे तात्या

देवाला सांगितल्याशिवाय तात्या काही करत नसत. भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत पाण्याचा पंप बसू दे, कुणाचा फ्रिज येऊ दे, कुणाची पोरगी दहावीला बसू दे, तात्या नारळ हातात घेऊन मालवणी गाऱ्हाणं घालायला गॅलरीत उभे राहिलेच म्हणून समजा. "बा देवा म्हाराजा, ह्यो जो पंप बसवलेलो आसा, तो नीट चलांदे रे म्हाराजा..." एवढं म्हणून ते थांबत. ते थांबले की आम्ही सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" त्यांचं थांबणं हाच आम्हाला हुकूम. नवीन भाडेकरूलाही दोन गाऱ्हाण्यांत ते बरोबर जमायचं.

तात्यांची उभी हयात गिरणीत मागासमोर गेलेली. त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली ती गिरणी बंद पडली तरी सुटली नाही. कानात कुजबुजले तरी खालच्या नाक्यावरच्या वाण्याला ऐकू जायचं. आम्ही बौद्ध, अकोल्याकडचे; माझे बाबा देवाला मानत नाहीत. पण 'व्हय' म्हणताना सगळ्यांत चढा आवाज त्यांचाच. "देव आहे की नाही ते तुमचं तुम्ही बघा तात्या, व्हय म्हणायला मी आहे," असं ते म्हणायचे. त्यावर तात्यांचं ठरलेलं उत्तर, "भाऊ, तू देवाक नको मानू, देव तुका वळखता." मग दोघं एकमेकांच्या हातावर टाळी देऊन हसायचे. माझा फार जीव होता त्या म्हाताऱ्यावर.

मग ते लॉकडाऊन आलं. तात्यांची बायको म्हणजे आमच्या काकी शिमग्याला गावी गेल्या होत्या त्या तिकडेच अडकल्या. तात्या खोलीत एकटे. आई त्यांच्या दारात भाजी-चपाती ठेवायची, कडी वाजवून मागे सरायची. काकींचा फोन आला की हे ठणठणीत आवाजात सांगायचे, "मी झकास आसय गो, तू तुझा बघ."

चाळीत तेव्हा ताप येणं म्हणजे गुन्हा झाला होता. संडासाच्या रांगेत कुणी साधं शिंकलं तरी पुढचे-मागचे पांगायचे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना ताप आला, गाडी आली, त्यांच्या दाराला बांबू ठोकले गेले. शिंपीकाका काही परत आले नाहीत. तेव्हापासून लोक उशीत तोंड खुपसून खोकायला लागले. भिंती पातळ, त्यामुळे ते उशीतलं खोकणंही ऐकू यायचं, पण सकाळी कुणी कुणाला विचारायचं नाही.

लॉकडाऊन लागायच्या आधी एका संध्याकाळी सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या तेव्हाच तात्या भडकले होते. "भांडी बडवून देव येता काय रे? तेका हाक मारूक व्हयी!" दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला ते एकटेच गॅलरीत उभे राहू लागले. "बा देवा म्हाराजा, ह्या जा काय संकट इलेला आसा, ता ह्या टेकडीच्या भायर काढ रे म्हाराजा..." आणि बंद दारांच्या आडून, अर्ध्या उघड्या खिडक्यांतून आम्ही म्हणायचो, "व्हय म्हाराजा!" माणूस एकही दिसायचा नाही, नुसते आवाज. काही दिवसांनी तेही कमी व्हायला लागले. कुणी टेम्पो करून गावी पळालं होतं, कुणाला गाडी घेऊन गेली होती. आज कुणाचा आवाज आला नाही, ते मी बोटांवर मोजायचे.

आम्ही सगळे आमच्या आवाजांकडेच कान देऊन बसलो होतो. तात्यांच्या आवाजाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

ते आता वाक्य पुरं व्हायच्या आधीच थांबू लागले. "बा देवा..." व्हय म्हाराजा! "ह्या पोराबाळांका..." व्हय म्हाराजा! "सुखी..." व्हय म्हाराजा! आम्हाला उलट हुरूप आला. ते जितके जास्त थांबत तितके आम्ही जोरात ओरडत होतो. एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज म्हातारा रंगात आलाय!"

आई चपात्या लाटत होती. तिला जुना दमा. तिने गॅस बंद केला आणि बाबांवर ओरडली, "गप्प बसा हो! तो माणूस थांबत नाहीये, त्याला दम लागलाय!"

मी अनवाणीच धावले. तात्या गॅलरीच्या कठड्याला धरून वाकले होते. ओठ निळे पडलेले.

"चेडवा, लांब रव."

"तात्या, ताप आहे ना तुम्हाला? कधीपासून?"

"कोणाक सांगू नको गो. माका न्हेल्यानी तर गाऱ्हाणा कोण घालतला?"

मी तिथूनच बाबांना हाक मारली. फोन बाबांनी केला.

गाडी टेकडीवर चढत नाही. वरून खालपर्यंत नुसत्या पायऱ्या, त्यातून स्ट्रेचरही वळेना. पांढऱ्या प्लास्टिकमधली दोन माणसं पुढे आणि मागे अंतर ठेवून तात्या स्वतःच्या पायांनी उतरत होते. अख्खी चाळ खिडक्यांत. मधल्या वळणावर तात्या थांबले. भिंतीला हात टेकला. खांदे वरखाली होत होते. आता त्या थांबण्याचा अर्थ पोरासोरांनाही कळत होता. या वेळी कुणी व्हय म्हटलं नाही.

तात्यांनी मास्क खाली ओढला आणि वर पाहिलं. "अरे, व्हय म्हणा रे कोणतरी."

बाबा खिडकीबाहेर वाकले. मग ते म्हणाले, "व्हय म्हाराजा!" पाठोपाठ सगळी चाळ ओरडली. तात्यांनी मान हलवली, मास्क चढवला आणि उरलेल्या पायऱ्या उतरले.

आठवडाही गेला नसेल, हॉस्पिटलातून तात्या गेल्याचा फोन आला. आम्हाला कुणाला जाता आलं नाही, पाहता आलं नाही. काकींना कळवायचं काम बाबांवर आलं. त्या रडल्या नाहीत, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जाताना काय बोललेत ते?"

"आम्हाला व्हय म्हणा म्हणाले."

"आनि तुमी म्हटलास?"

"म्हटलं काकी. सगळ्यांनी म्हटलं."

"पन कशाक, भाऊ?" काकींनी विचारलं. "तेंनी देवाक काय सांगलेला?"

बाबांनी फोन माझ्या हातात दिला.