चेंडूला हात न लावलेला खेळाडू

जोगळेकरांचा फोन दुपारी हॉस्पिटलात आला. ते पुण्याचे, सित्र्याच्या एका कंत्राटदार कंपनीत अकाउंटंट. "मॅडम, तुमचा तो पेशंट, मिस्टर डेल... खलास." इथे शिफ्ट संपली तरी खलास, नळाचं पाणी गेलं तरी खलास आणि माणूस मेला तरी खलास. इतकी वर्षं बहारीनमध्ये काढून त्या शब्दाचा मला कधी राग आला नव्हता. त्या दिवशी आला. सकाळी कंपनीची गाडी झिंज भागातल्या त्याच्या बिल्डिंगखाली हॉर्न वाजवत राहिली, तो उतरलाच नाही, म्हणून ड्रायव्हर वर गेला. पुढे कळलं की तयार शवपेटीत तो मावेना. तुबलीच्या सुतारांकडून नवी करून घ्यावी लागली, आणि माप सांगितल्यावर त्यांना वाटलं, कपाटाची ऑर्डर आहे. ऑफिसात हा किस्सा हसत सांगितला गेला म्हणे.

मी मूळची वसईची, फिजिओथेरपी मुंबईत शिकले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नवऱ्यामागोमाग इथे आले. डेल माझ्या पहिल्या काही पेशंटांपैकी एक. जोगळेकरांच्याच कंपनीत साइट सुपरवायझर होता. दारातून आत येताना तो जरा तिरका व्हायचा, आमच्या टेबलावर त्याचे पाय बाहेर लोंबायचे. पांढरा कोट घातलेल्या प्रत्येक बाईला तो 'सिस्टर' म्हणे. दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं. त्याच्या गुडघ्यांवर इतके व्रण होते की मी विचारलं, "अपघात कुठे झाला?" तो म्हणाला, "अपघात नाही सिस्टर, नोकरी."

ती नोकरी म्हणजे अमेरिकन फुटबॉल. मला फुटबॉल म्हणजे आमच्या पॅरिशच्या मैदानावरचा तेवढाच ठाऊक. त्याने मला स्टूलवर बसवलं आणि टॉवेलची गुंडाळी हातात दिली. "तुम्ही चेंडू फेकणाऱ्या. सगळं जग तुम्हाला बघायला आलंय. समोरून माझ्याएवढे चार जण तुम्हाला आडवं करायला धावतायत. मी मध्ये उभं राहायचं. तुम्ही चेंडू फेकेपर्यंत कोणी पोचता कामा नये. एवढंच माझं काम." या जागेला लाइनमन म्हणतात. मी विचारलं, "मग चेंडू तुमच्याकडे कधी येतो?" तो हसला. "येतच नाही. नऊ वर्षं व्यावसायिक खेळलो, चेंडूला हात लागला नाही. आणि समालोचक माझं नाव कधी घ्यायचे, माहितीये? माझी चूक झाली की."

डेलचे वडील खाणकामगार. खेळाच्या जिवावर पोरगा कॉलेजात गेला आणि एका मोठ्या संघाने त्याला घेतलं, तेव्हा सगळ्या गावाने मिरवणूक काढली होती. तिसऱ्या वर्षी उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, बरा व्हायच्या आत परत मैदानात. त्यानंतर सामन्याआधी संघाचा डॉक्टर ड्रेसिंगरूममध्ये गुडघा बधिर करायची सुई टोचायचा. "सुई आत गेली की पाय माझा राहायचा नाही," तो म्हणाला. "मग तो त्यांचा." सुयांच्या जोडीला दुखणं दाबायच्या गोळ्या. दहाव्या वर्षीच्या सराव शिबिरात नाश्ता करत असताना त्याला बोलावून सांगितलं, आभारी आहोत. तो सामान घ्यायला गेला, तोवर कपाटावर दुसऱ्याच्या नावाची पट्टी लागली होती. बायको आधीच सोडून गेली होती. मग कोणीतरी आखातातली नोकरी सुचवली.

चार वर्षांपूर्वी, ज्याच्यासाठी तो उभा राहायचा तो चेंडू फेकणारा मनामाला आला. कुठल्याशा यंत्रांच्या कंपनीचा पाहुणा म्हणून. माझा नवरा आग्नेल त्याच हॉटेलात बँक्वेटला वाढपी होता. डेलने त्याला भेटायला जाण्याआधी माझ्याकडून दोन्ही गुडघे घट्ट बांधून घेतले. काठी नको होती त्याला. नवा कोट, भांग पाडलेला... लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. "ओळखेल ना?" मी सहज विचारलं. "सहा वर्षं माझ्या पाठीकडे बघत काढलीत त्याने," तो म्हणाला. "मी वळून उभा राहीन."

ओळखलं त्याने. आग्नेल ट्रे घेऊन शेजारीच होता. पाहुण्याने डेलच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या माणसाला नीट बघून घ्या. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं ना, ते याच्या कृपेने!" हॉल हसला. डेलही हसला. थोडा वेळ थांबला आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून निघाला.

पुढच्या खेपेला मी चिडून विचारलं, "खरंय का ते?"

"खरंय. एकदा माझा पाय दुमडला, मी पडलो आणि समोरचा माझ्यावरून त्याच्यापर्यंत पोचला. एकदाच."

"त्या दिवशीही सुई दिली होती?"

"दोन."

"मग सांगायचं ना तिथे, सगळ्यांसमोर!"

"काय सांगू सिस्टर? मला सुया टोचल्या तेव्हा तो शेजारच्या टेबलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता."

त्यानंतर तो खालावत गेला. डोकेदुखी, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. एकदा तुबलीला गाडी दुरुस्तीला टाकली आणि कुठल्या गॅरेजात, तेच आठवेना. गोळ्यांनी मूत्रपिंडं कुरतडली होती. मी कंपनीच्या डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "एवढा धिप्पाड माणूस, त्याला काय धाड भरलीय?" शेवटी साइटवरून काढून त्याला टेबलाशी बसवलं. व्हिसा वाढवणार नाही, हेही सांगून झालं होतं. त्याआधीच तो गेला. कारण लिहिलं, हृदय. शोकसभेत मॅनेजरसाहेबांनी त्याला थोर खेळाडू म्हटलं, आणि खेळाचं नाव बास्केटबॉल सांगितलं.

त्याची मुलगी अमेरिकेत, तिला येणं जमलं नाही. म्हणून मागच्या शुक्रवारी आग्नेल आणि मी झिंजला खोली आवरायला गेलो. खेळाचा एक फोटो नाही, एक करंडक नाही. पलंगासमोरच्या भिंतीवर मात्र, माझ्या डोक्याच्या वर, दोन तळहातांचे काळपट ठसे होते. रोज सकाळी गुडघ्यांत ताकद आहे का बघायला तो भिंतीला रेटा देत असणार. घामाने, तेलाने चुना खाल्ला होता. मी टाचा उंचावून हात लावून पाहिले, माझे दोन्ही हात एकाच पंजात मावले.

रंगारी मात्र खोळंबला होता, नवा भाडेकरू यायचा होता. आम्ही बाजूला झालो. त्याने भिंतीवरून ब्रश फिरवला, जरा सुकू दिलं, मग मान वाकडी करून पाहिलं.

"मॅडम, डाग वर येतोय," तो म्हणाला. "अजून एक हात लागेल."