राहून गेलेलं छिद्र

मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाच्या कानांचं जे होतं, तेच या विणकराच्या कानांचं झालं होतं. कारखान्यात सगळेच एकमेकांचे ओठ वाचत. त्याचं लग्नसुद्धा असंच जमलं. नक्षीच्या पट्ट्यांना छिद्रं पाडणारी मुलगी त्याच्या मागावर नव्या पट्ट्यांची माळ चढवायला आली, तेव्हा त्याने नुसते ओठ हलवून विचारलं. "मोठ्याने विचार की! इथे कोण ऐकतंय?" ती म्हणाली, तेही ओठांनीच.

पट्ट्या पुठ्ठ्याच्या असत. चौकटीच्या कागदावरची नक्षी बघून ती त्यांना छिद्रं पाडी. छिद्र असेल तिथे मागावरचा उभा धागा उचलला जाई, नसेल तिथे खालीच राही. पट्टीमागून पट्टी सरके आणि कापडावर फूल येई. फार पूर्वी कुणीतरी ही युक्ती काढली, कारण हाताने धागे उचलणारं माणूस दमतं, चुकतं. पुठ्ठा चुकत नाही. पण पुठ्ठ्याला छिद्र पाडायला पुन्हा दमणारंच माणूस लागलं.

शेवटच्या आजारपणात तिने तापातच एक नक्षी पुरी केली आणि माळ मागावर चढायच्या आधीच ती गेली. तो कामावर परतला तेव्हा ती माळ त्याच्याच मागावर होती. प्रत्येक फुलाच्या डावीकडच्या पाकळीत एक धागा खालीच राहत होता. एक छिद्र पाडायचं राहिलं होतं. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"काय हो, फुलाला उंदीर लागला का?" मुकादम म्हणाला. "पट्टी काढा, एक टोचा मारा, मिटलं."

"मारतो," विणकर म्हणाला आणि त्याने तो कधीच मारला नाही. मुकादम बदलले, गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही. ती पाकळी आली की तो वाकून बघे. बाकी कापडभर त्याची बायको नुसती हुशार होती. तिथे ती दमलेली होती.

त्यांची मुलगी शिकली आणि त्याच कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढायला लागली.

"बाबा, याचं मूळ आईच्या पट्ट्यांत आहे," एकदा जेवताना ती म्हणाली. "माग बघून कुणाला तरी हिशेबाच्या यंत्राला तसलीच कार्डं लावायचं सुचलं. त्यातून पुढे हे सगळं. आहे किंवा नाही, एवढंच यालाही कळतं."

"म्हणजे एवढं शिकून आईच्याच खात्यात!"

"हो, पण खुर्ची बरी मिळाली."

मग कारखान्याने पुठ्ठेच बंद केले. माग थेट कॉम्प्युटरवरून चालणार होते. जुन्या नक्ष्या उतरवून घ्यायचं काम मुलीकडे आलं, आणि तिने पहिली घेतली ती आईची शेवटची. बाबांच्याच मागावर तिने स्वतः उभं राहून ती सुरू केली.

फूल आलं. डावी पाकळी भरलेली होती. आपलीच नजर चुकली असेल म्हणून तो पुढच्या फुलासाठी थांबला. तेही तसंच.

"इथला धागा?" तो ओरडलाच.

"तुम्हालाही दिसलं होतं?" तिचा चेहरा फुलला. "मी नीट केलं ते. आईचं काम आहे, लोक हसायला नकोत."

"लोकांनी कुठे बघितलं होतं? मी बघत होतो."

तिला समजायला जरा वेळ लागला. मग ती एकदम पांढरी पडली.

"पट्ट्या कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"लगद्याला गेल्या, बाबा. सगळ्याच." तिने त्याचा दंड धरला. "थांबा ना. जागा माझ्या लक्षात आहे. आत्ता परत तसंच करते, मिनिटाचं काम आहे."

त्याने दंडावरचा तिचा हात हलकेच सोडवला.

"तू मुद्दाम करशील गं," तो म्हणाला. "तिचं राहून गेलं होतं."

दुसऱ्या दिवशी तिने मुकादमाला सांगून ती नक्षी दुसऱ्या मागावर हलवली. विणकराने कारण विचारलं नाही. त्याच्या मागावर आता निळ्या रेघा असतात, एकसारख्या. धागा तुटला तर माग आपणच थांबतो. विणकर तो जोडतो आणि पुन्हा बाजूला उभा राहतो.